पट्टी गार झाल्यावर

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या अकरा कॉइल परत आल्या. ॲल्युमिनियमची पट्टी, जाडी ०.२५ मिलिमीटर, रुंदी ९०० मिलिमीटर. ग्राहकाने ती स्लिटिंगला, म्हणजे लांबीनुसार अरुंद पट्ट्या कापायला, लावली आणि मधल्या पट्ट्या सरळ निघाल्या, पण दोन्ही कडांच्या पट्ट्या लहरत बाहेर आल्या. सोबतच्या कागदावर एकच ओळ होती: कडेला लहर, ४०० मिलिमीटरमागे ३ ते ४ मिलिमीटर उंच.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मी इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे मोजमापाची उपकरणं, बघते. मराठवाड्यात रोलिंग मिल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जालना येतं, म्हणजे सळई. सळईला व्यास लागतो, ताकद लागते. सपाटपणाचा प्रश्न तिथे येत नाही. आमचं काम वेगळं. सहा-सात मिलिमीटर जाडीची कास्ट कॉइल येते, ती चार रोलच्या मिलमधून पुन्हा पुन्हा दाबून आम्ही कागदासारखी पातळ करतो. पातळ पट्टीचा खरा शत्रू म्हणजे ज्याला आमच्याकडे सगळे ‘शेप’ म्हणतात तो. शेप बिघडला म्हणजे पट्टीचा एक भाग दुसऱ्यापेक्षा लांब झाला. कडा जास्त दाबल्या गेल्या तर कडा लांबतात, आणि त्या जास्तीच्या लांबीला जायला जागा नसते म्हणून त्या लहरतात. मधला भाग लांबला तर मध्ये फुगवटे येतात.

हे ऐकायला सोपं वाटतं. मी पहिल्यांदा आकडे मांडले तेव्हा मात्र गप्पच झाले. एक मीटर लांबीत कड मधल्यापेक्षा फक्त ०.२ मिलिमीटर जास्त लांब असेल, तरी डोळ्याला खुपेल अशी लहर दिसते. तेवढा फरक पडायला कडेची जाडी मधल्यापेक्षा किती जास्त कमी व्हायला हवी? ०.२५ मिलिमीटरच्या पट्टीत ०.०५ मायक्रॉन. आमच्या जाडीमापकाला तो फरक दिसणं शक्यच नाही. म्हणजे जाडी मोजून शेप ओळखता येत नाही, तो वेगळाच मोजावा लागतो.

तोवर आमच्याकडे तो मोजत होते मामा.

मामा गंगापूर तालुक्यातले, मिल उभी राहिली तेव्हापासूनचे ऑपरेटर. गावातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. पट्टी नुकतीच ओवली आणि मिल अगदी हळू चालत असली की ते बांबूची एक हलकी काठी घेऊन पट्टीवर पाच ठिकाणी टिचकी मारत: डावी कड, मध्ये तीन जागा, उजवी कड. जिथे ताण जास्त तिथे आवाज चढा, जिथे पट्टी सैल तिथे बसका. पखवाजाच्या पुडीवर हातोडीने ठोकत सगळी घरं एका स्वरात आणतात, तसाच हा प्रकार. मग ते रोलच्या बेंडिंगचा, म्हणजे रोल किंचित वाकवणारा, दाब थोडा वाढवत, एका बाजूचा स्क्रू हलवत, एखादा स्प्रे जास्त उघडत. त्यांचा अंदाज चुकलेला मी फार कमी वेळा पाहिला. पण मिल वेग घेऊन मिनिटाला पाचशे मीटरवर गेली की काठी लावायचा प्रश्नच नव्हता, सुरक्षेच्या नियमातही ते बसत नाही. वेग वाढला की रोल तापतात, मध्ये फुगतात, आणि हळू असताना जुळवलेला शेप पुढच्या हजार मीटरमध्ये निघून जातो.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं, “या वर्षी एकच मोठं मशीन घेता येईल. शेपमीटर घ्यायचा असेल तर कुठला आणि का, ते तुम्ही लिहून द्या. आणि मामांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका.” हे शेवटचं वाक्य ते बोलले म्हणून मला पुढचं काम नीट करता आलं.

मापाचं एकक आधी समजून घेतलं. सपाटपणा ‘आय युनिट’मध्ये मोजतात. एक आय म्हणजे एक लाखात एक भाग लांबीचा फरक, म्हणजे एका मीटरमागे १० मायक्रॉन. लहरीची उंची आणि लांबी यांवरूनही तो काढता येतो: उंची लांबीच्या एक टक्का असेल तर साधारण २५ आय, आणि उंची दुप्पट झाली तर आय चौपट. ग्राहकाच्या कागदावरच्या लहरीचा हिशेब केला, तो २१ च्या आसपास आला.

आता यातली मेख अशी की मिलवर पट्टी ताणलेली असते. आमचा बाहेरच्या बाजूचा ताण दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन. ॲल्युमिनियमची लवचीकता बघता एका आयला साधारण ०.७ न्यूटन पुरतो. म्हणजे ४० आयपर्यंतचा दोष ताणाखाली पूर्ण दबून जातो. पट्टी आरशासारखी सपाट दिसते, सैल भागात ताण कमी असतो इतकंच. ताण सुटला की लहर वर येते. दडलेला शेप आणि उघडा शेप हा फरक ज्याला कळला, त्याला कुठलं यंत्र आपल्या उपयोगाचं नाही हे लगेच कळतं. लेझर किंवा प्रकाशाच्या पट्ट्या टाकून पृष्ठभागाचे उंचसखल भाग मोजणारी यंत्रं मी सुरुवातीलाच बाजूला ठेवली. गरम पट्ट्याच्या मिलमध्ये शेवटच्या स्टँडनंतर (रोलच्या संचानंतर), कॉइलरने, म्हणजे गुंडाळणाऱ्या यंत्राने, पट्टा पकडून ताण द्यायच्या आधी, ती खूप चांगलं काम करतात. आमच्या ताणलेल्या पट्टीवर मात्र ती ‘सगळं सपाट आहे’ एवढंच सांगत बसली असती, आणि ते खोटंही नसतं.

म्हणजे आम्हाला ताणाची वाटणीच मोजायला हवी होती: रुंदीच्या प्रत्येक भागावर ताण किती.

यातला सगळ्यात रुळलेला मार्ग म्हणजे पट्टीला वळण देणाऱ्या डिफ्लेक्टर रोलच्या जागी मोजणारा रोल बसवायचा. पट्टी त्याच्यावरून थोडा कोन करून वळते, वळताना रोलला दाबते, आणि जिथे ताण जास्त तिथे दाब जास्त. रोलचे रुंदीनुसार झोन पाडलेले असतात. स्वीडनच्या आसिया कंपनीने असा पहिला रोल १९६७ साली कॅनडात किंग्स्टनला, अल्कनच्या ॲल्युमिनियम मिलमध्ये बसवला. ती कंपनी पुढे एबीबीत आली आणि तो रोल स्ट्रेसोमीटर या नावाने आजही चालतो. त्याच्या आतला सेन्सर त्याहून जुना, १९५४ चा. मला तो फार आवडला, कारण त्यात हलणारं काहीच नाही. पोलादाच्या पातळ पत्र्यांचा गठ्ठा, त्याला चार भोकं, भोकांतून एकमेकांना काटकोनात ओवलेली दोन वेटोळी. एकात वीज सोडली तरी भार नसताना दुसऱ्यात काही उमटत नाही. भार आला की पोलादाचा चुंबकीय गुण दाबाच्या दिशेने बदलतो, चुंबकीय क्षेत्र तिरकं होतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात व्होल्टेज येतं. संदेश दणकट, तेलापाण्याला न घाबरणारा.

दुसरी जात क्वार्ट्झच्या स्फटिकांची. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या बीएफआय या संशोधन संस्थेच्या रोलचं नाव यात नेहमी येतं. क्वार्ट्झ दाबला की त्यावर विद्युतभार येतो. तो अतिशय ताठ, म्हणून अगदी बारीक बदलही पकडतो. पण हा विद्युतभार हळूहळू झिरपून जातो, त्यामुळे स्थिर वजन त्याने मोजता येत नाही. हे वाचल्यावर मी एक संध्याकाळ अडून बसले, मग हा सतत असणारा ताण कसा मोजणार? उत्तर रोलच्या फिरण्यात होतं. स्फटिक एका फेरीत एकदा पट्टीखाली येतो आणि बाकीचा वेळ मोकळा असतो. दर फेरीला शून्य नव्याने लागतं. २०० मिलिमीटर व्यासाचा रोल मिनिटाला ६०० मीटर वेगाने सेकंदाला सोळा वेळा फिरतो, तेव्हा झिरपायला वेळच मिळत नाही. काळजी एकाच गोष्टीची, इन्सुलेशनची. तेलाचा ओलावा आत गेला की विद्युतभार गळतो आणि आकडे सरकायला लागतात.

तिसरी जात हवेवर तरंगणाऱ्या कड्यांची. मधला दांडा स्थिर, त्याच्यावर हलकी कडी, आणि दोघांच्या मध्ये दाबाखालच्या हवेचा पातळ थर. पट्टी कड्याला खाली दाबते तेव्हा वरच्या आणि खालच्या हवेच्या दाबात फरक पडतो, तोच मोजायचा. कडी हलकी असल्यामुळे पट्टी त्यांना सहज फिरवते, वेगळी मोटर लागत नाही, आणि नाजूक फॉइलवर ओरखडा उठत नाही. ॲल्युमिनियमच्या पातळ मिलमध्ये म्हणूनच ती आवडती.

चौथी रीत ऐकली तेव्हा मी वही घेऊन थेट मामांकडे गेले. त्यात रोलच नाही. पट्टीखालून पंख्याने हवा ओढतात, ती ओढ ठरावीक लयीत कमीजास्त करतात, त्यामुळे पट्टी अगदी बारीक थरथरते, आणि एडी करंटचे (न शिवता धातूचं अंतर मोजणारे) सेन्सर प्रत्येक जागी ती किती थरथरली ते मोजतात. ताण जास्त तर थरथर कमी, ताण कमी तर थरथर जास्त. सीमेन्सने हे विकसित केलं. मामांनी ऐकलं आणि म्हणाले, “म्हंजे काठीच हाय की ही. फक्त न शिवता मारलेली.” त्यांचं बरोबर होतं. पट्टीला स्पर्श नाही, झिजणं नाही, ओरखडा नाही. मला ही रीत मनापासून पटली होती. पण तिला पट्टीचा बऱ्यापैकी लांब, मोकळा आणि स्थिर टप्पा लागतो. आमच्या मिलमध्ये रोलपासून कॉइलरपर्यंतचं अंतर कमी, त्यातही जाडीमापक आणि तेल पुसायचे वायपर बसलेले. टेप लावून दोनदा मोजलं. जागा नव्हती.

उरले तीन रोल. इथे मी वजनाचा हिशेब केला, आणि कोणी शेपमीटर घ्यायला निघालं असेल तर त्याने विक्रेत्याला भेटण्याआधी हा हिशेब करावा असं मला वाटतं. आमच्या पट्टीचा काटछेद २२५ चौरस मिलिमीटर, म्हणजे एकूण ताण ६,७५० न्यूटन. पट्टी रोलवर १० अंश वळत असेल तर रोलवर येणारा दाब सुमारे १,१८० न्यूटन, म्हणजे १२० किलो. ५२ मिलिमीटरचे झोन धरले तर सतरा झोन, एका झोनवर सात किलो. त्यात एक आयचा फरक ओळखायचा म्हणजे १६० ग्रॅम ओळखायचे, आमच्या जालन्याच्या एका मोसंबीएवढे. हे झालं कॉइलची सुरुवात असताना. आमच्याकडे मोजणाऱ्या रोलनंतर थेट कॉइलर. कॉइल ५०८ मिलिमीटरपासून मोठी होत जाते तशी पट्टीची रेषा वर येते आणि रोलवरचं वळण कमी होतं. कॉइल पूर्ण भरेपर्यंत ते ४ अंशांवर येत होतं. तेव्हा एका आयला उरतात ६५ ग्रॅम. मोसंबीचं मोठं अंडं झालं. ते वजन फिरणाऱ्या, तेलाने माखलेल्या, मोठ्या कॉइलच्या शेजारी हादरणाऱ्या रोलमध्ये ओळखायचं. माहितीपत्रकातला ‘अचूकता’ हा रकाना हे सांगत नाही. तो बहुतेक वेळा भरपूर वळणाचा आकडा असतो.

कॉइलरच्या अलीकडे आणखी एक छोटा रोल टाकून वळण कायम ठेवता आलं. दुकानात कुठलाही सेन्सर घेतला तरी हे करावंच लागलं असतं, आणि माझ्या मते सेन्सरच्या निवडीपेक्षा या एका रोलने आम्हाला जास्त दिलं.

जूनमध्ये दोन मिल बघून आले, एक हवेच्या कड्यांची, एक भरीव रोलची (पहिल्या दोन जातींतली), दोन्ही महाराष्ट्राबाहेर. हवेच्या रोलचे आकडे सुंदर होते, फॉइल त्याच्यावरून साय सरकावी तशी जात होती. पण तिथल्या देखभालवाल्या दादांनी मला कंप्रेसरच्या खोलीत नेलं आणि तिथेच अर्धा तास उभं केलं. कोरडी, तेलविरहित, गाळलेली हवा, चोवीस तास. ती थांबली तर कडी दांड्यावर टेकतात. मी आमच्या शेडचा विचार केला. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश, कंप्रेसर आधीच धापा टाकत असतो. काळ्या मातीची धूळ प्रत्येक फटीतून आत येते. आणि वीज क्षणभर डुलकी घेते ते वेगळंच. आमची पट्टी फॉइल नाही, पाव मिलिमीटर जाड आहे, तिला भरीव रोलचा भार झेपतो. मी भरीव रोल लिहून दिला, आणि त्यातही चुंबकीय सेन्सरचा. क्वार्ट्झपेक्षा तो बारीक नसेलही, पण आमच्याकडे रोल उघडून इन्सुलेशन तपासणारं कोणी नाही. मध्यभागी ५२ मिलिमीटरचे झोन आणि दोन्ही कडांना २६ चे अरुंद झोन मागितले, कारण आमचं दुखणं कडेलाच होतं. भरीव रोल जड असतो, मिल वेग घेताना तो मागे राहिला तर पट्टीवर घासतो, म्हणून त्याला वेग जुळवणारी छोटी मोटर घेतली. साहेबांनी खर्चाचा आकडा बघून दोन दिवस घेतले आणि सही केली.

रोल बसवण्याबद्दल थोडक्यात: पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आठ दिवस मिल बंद ठेवली, आणि त्यातले तीन दिवस फक्त रोल मिलला समांतर करण्यात गेले. त्यात घाई करू नये. रोल किंचित तिरका बसला तरी स्क्रीन कायम एक बाजू घट्ट दाखवते, आणि ऑपरेटर नसलेला दोष सुधारत राहतो.

स्क्रीन सुरू झाली तो दिवस मला आठवतो. रुंदीभर उभे दांडे, घट्ट भाग वर, सैल भाग खाली. मामा बराच वेळ नुसते उभे होते. मग हळू वेगात त्यांनी काठीने पाच ठिकाणी टिचक्या मारल्या आणि प्रत्येक वेळी मान वळवून दांड्याकडे पाहिलं. पाचही जागी जुळलं. मिलने वेग घेतला आणि पहिल्यांदाच आम्ही पाचशे मीटरच्या वेगात शेप हलताना पाहिला. मामांनी बेंडिंग वाढवलं, दांडे एका ओळीत आले. तीन-चार आयच्या आत. इतकी सरळ ओळ बघून सगळ्यांना पेढे वाटायचे होते, साहेबांनी वाटलेही.

पंधरा दिवसांनी ग्राहकाचा फोन आला. कडेला लहर. तेवढीच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढा खर्च माझ्या शिफारशीवर झाला होता. सकाळी त्याच बॅचची एक शिल्लक कॉइल आमच्या रिवाइंडरवर, म्हणजे कॉइल उलगडून पुन्हा गुंडाळणाऱ्या यंत्रावर, लावली. मामांनी काठी मारली, डावी कड, मध्ये, उजवी कड, आणि परत डावी कड. “ताई, मिलवर ही पट्टी अशी बोलत न्हवती बगा. तवा सगळी एका सुरात व्हती. आज कडा बसल्यात.” स्क्रीनची नोंद काढली, तीही त्या दिवशी सरळ ओळ दाखवत होती. यंत्र आणि मामा दोघांनीही तेच ऐकलं होतं, आणि ग्राहकाचंही खोटं नव्हतं. मग दरम्यान काय झालं?

कॉइल गार झाली.

हे डोक्यात आल्यावर हिशेबाला पाच मिनिटं लागली. ॲल्युमिनियम एका अंशाला लाखात २.३ ते २.४ भाग प्रसरण पावतं, म्हणजे तापमानाचा एक अंश फरक सव्वादोन आयपेक्षा जास्त. पोलादात तो याच्या निम्मा असतो. पट्टी रोलमधून निघते तेव्हा मधला भाग गरम, कडा गार. मोजणाऱ्या रोलवर सगळीकडे ताण सारखा आहे याचा अर्थ त्या क्षणी सगळ्या भागांची लांबी सारखी आहे, आणि मधल्या भागाच्या लांबीत उष्णतेने वाढलेली लांबीही धरलेली आहे. गार झाल्यावर मधला भाग जास्त आकसतो. कडा तेवढ्याच लांब राहतात. म्हणजे कडा लहरणारच.

तापमान मोजायला आधी इन्फ्रारेड गन लावली, तिने काहीच्या काही आकडे दिले. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं, गन त्याच्यात परावर्तित झालेली शेड मोजत होती. मग मिल थांबवून, कॉइलच्या बाहेरच्या वेढ्यावर थर्मोकपल (स्पर्शाने तापमान मोजणारा सेन्सर) टेकवून रुंदीभर नऊ ठिकाणी मोजलं. मधल्या भागात ११४, कडांना १०५. नऊ अंशांचा फरक. नऊ गुणिले २.३, जवळपास २१ आय. ग्राहकाच्या पहिल्या कागदावरून काढलेला आकडाही २१ होता. मी तो कागद ड्रॉवरमधून काढून मामांपुढे ठेवला, आणि आम्ही दोघांनी तो बराच वेळ पाहिला.

पक्कं करायला पट्ट्या कापायची जुनी रीत केली. गार झालेल्या कॉइलमधून तीन मीटरचा तुकडा घेऊन त्याच्या लांबीनुसार वीस-वीस मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवून टोकं जुळवली. दुसऱ्या टोकाला कडेच्या पट्ट्या मधल्यांपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या जास्त पुढे आल्या. तीन मीटरमागे एका आयला ०.०३ मिलिमीटर, हिशेब जमला. ज्या कोणाच्या मिलमध्ये शेपमीटर आहे त्याने महिन्यातून एकदा तरी हे करावं. त्याला कात्री, फूटपट्टी आणि एक रात्र लागते.

मग टार्गेट बदललं. स्क्रीनवरची सरळ ओळ हे ध्येयच चूक होतं. गरम असताना कडा घट्ट आणि मध्य सैल ठेवायचा, म्हणजे गार झाल्यावर दोन्ही सारखे होतील. मी २१ आयची पूर्ण कमान टाकायला निघाले होते. मामांनी थांबवलं. “कड इतकी ओढली तर फाटंल. अन् पट्टी तुटली तर खाली केरोसीनसारखं तेल हाय, ताई.” आमच्या मिलमध्ये पट्टी तुटल्यावर ठिणगी पडून आग लागण्याची भीती खरी असते, कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर त्यासाठीच ओळीने उभे आहेत. शेवटी कमान १२ आयची ठेवली, आणि शेवटच्या पासचा, म्हणजे मिलमधल्या शेवटच्या फेरीचा, वेग थोडा उतरवून पट्टी एकूणच कमी तापेल असं केलं. उत्पादनवाल्यांना वेग उतरवणं आवडलं नाही. त्यांच्याशी तीन बैठका झाल्या. परत येणाऱ्या ट्रकचं भाडं दाखवल्यावर ते मानले. मधल्या-कडेच्या तापमानातला फरक नऊवरून पाच-सहावर आला आणि बाकीचं कमानीने सांभाळलं.

पुढच्या लॉटमध्ये लहर अर्ध्या मिलिमीटरच्या आत होती. तो लॉट परत आला नाही.

कडेचे अरुंद झोन अजून पूर्ण पटलेले नाहीत. शेवटचा झोन पट्टीने अर्धाच झाकलेला असतो, म्हणून किती भाग झाकला आहे ते सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. पट्टी पाच मिलिमीटर सरकली तर ५२ च्या झोनमध्ये दहा टक्के चूक येते, म्हणजे चार आय. २६ च्या झोनमध्ये ती दुप्पट. आम्ही सध्या अर्धवट झाकलेला झोन हिशेबातून वगळतो आणि त्याच्या आतला पूर्ण झाकलेला अरुंद झोन धरतो. पट्टीची कड नेमकी कुठे आहे ते सांगणारा सेन्सर पुढच्या शटडाउनला बसेल.

मामा ऑगस्टमध्ये निवृत्त होत आहेत. गेल्या महिन्यापासून त्यांच्या हाताखाली पॉलिटेक्निकचा एक मुलगा आहे. रिवाइंडरवर प्रत्येक बॅचची पहिली गार कॉइल लागते तेव्हा मामा त्याच्या हातात काठी देतात आणि स्वतः पाठ करून उभे राहतात, आवाजावरून जागा सांगतात. रजिस्टरमध्ये आता तीन रकाने आहेत: गरम आय, गार आय, आणि तिसऱ्यावर त्या मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘कानाने’. काल त्या रकान्यात त्याने ‘उजवी कड थोडी बसकी’ लिहिलं होतं, आणि शेजारच्या रकान्यात उजव्या कडेला ६ आय होते.